मांजराची गिरणी

“ती गिरणी माझ्या फळीखालून हलव. एक दिवस सगळी गल्ली भाईर काढील ती.”

लक्ष्मीबाईंनी पहिल्याच दिवशी सुनेला बजावलं होतं. शिल्पा हसली. “आई, आवाजसुद्धा होत नाही तिचा. खोक्यावर लिहिलंय.” शिवाय प्लग तिथंच होता.

गिरणी म्हणजे मांजराचा आपोआप साफ होणारा संडास. नवरा हरिओम नांदेडला नोकरीला, घरात रांगती चिमी आणि भुरी मांजर. मांजराच्या वाळूतून बाळाला काय काय होऊ शकतं, हे शिल्पानं मोबाईलवर इतकं वाचलं की शेवटी हे यंत्र मागवलं. भुरी आत जाऊन बाहेर आली की थोड्या वेळानं पिंप फिरायचं, वाळू चाळली जायची आणि नको ते खालच्या खणात पडायचं. “आमच्या गावात माणसाला न्हवतं एवढं सुख,” लक्ष्मीबाई म्हणायच्या.

फळीवर त्यांचे स्टीलचे गिलास, एकावर एक पालथे. मोठ्या भूकंपात त्यांचं घर गेलं, तेव्हापासून जिथं गिलास रचलेले असतील तिथंच त्या छताखाली झोपत. गिलास पडले की बाहेर, विचार करायचा नाही. लातूरच्या या भाड्याच्या घरी नातीला सांभाळायला आल्या त्याही गिलास घेऊनच. त्यांच्या जिवावर शिल्पा सोमवारपासून पुन्हा क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणार होती.

शुक्रवारी दुपारी वाळू जरा जास्तच भरली गेली. भुरी बाहेर आली, पिंप फिरलं, घरघरलं, भिंतीला धडकलं आणि गिलास खणाणत खाली आले.

“भूकंप! निघा भाईर!” चिमीला काखोटीला मारून लक्ष्मीबाई जिना उतरल्यासुद्धा. खाली जोहराआपांची मेस. नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं ताटांसकट रस्त्यावर आली. शेजारचा क्लास रिकामा झाला. सर उघडा मार्कर धरून उभे.

“थांबा रे, दुसरा झटका येतो,” जोहराआपा म्हणाल्या. सगळे थांबले. वर खिडकीत भुरी निवांत अंग चाटत होती. तिला बघून शिल्पाला काय झालं ते कळलं.

“ते… आमचं मांजर जाऊन आलं, म्हणून…”

“कुठं जाऊन आलं?” सरांनी विचारलं.

सांगावंच लागलं. गल्ली पोट धरून हसली. “या अल्ला, मांजरापायी माझी डाळ सांडली!” जोहराआपा ओरडल्या.

लक्ष्मीबाई मात्र हसल्या नाहीत. वर येऊन त्यांनी पिशवी भरली. “उद्याच्या गाडीनं जाते. गिलास खोटं बोलायलेत. इथं मला झोप न्हाई यायची.”

शिल्पानं पिशवीतून गिलास काढले, यंत्राखाली जुनी गोधडी घातली आणि गिलास स्वतः रचले. सासूबाईंनी बघितलंसुद्धा नाही.

सकाळी पिशवी दाराशी होती. तेवढ्यात गिलास पुन्हा खाली आले.

“झालं तुझ्या मांजराचं,” लक्ष्मीबाई जागच्या हलल्या नाहीत.

“आई,” शिल्पाचा आवाज चिरकला, “भुरी माझ्या मांडीवर आहे!”

यंत्र गप्प होतं. आता शिल्पाच पुढे, एका हातात चिमी, दुसऱ्या हातात सासूबाईंचं मनगट. भुरी त्यांच्या आधी खाली. गल्लीत दुसरं कुणी नाही.

“आपा, निघा! खरा हाय!” लक्ष्मीबाई ओरडल्या.

“आज पण जाऊन आली का गं भुरी?” आतून जोहराआपा म्हणाल्या. “एवढी पोळी लाटते अन् येते.”

तेवढ्यात हरिओमचा फोन आला. “इकडं चांगलंच हाललं. तुम्ही बऱ्या आहात ना?”

कुणाला काही झालं नाही. लक्ष्मीबाईंनी पिशवी उचलली आणि वर नेली. “गिलास खरं बोलले,” म्हणाल्या. यंत्र त्याच दिवशी बाल्कनीत गेलं आणि शिल्पा सोमवारी क्लासला.

घोर आता एकच. पोळ्या लाटताना जोहराआपांना त्या दिवशी काही जाणवलंच नाही, त्यामुळे त्यांचा त्या गिलासांवर विश्वास उरलेला नाही. म्हणून शिल्पा भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगून ठेवते: आमच्या गल्लीत असाल आणि वरून खणखणाट ऐकू आला, तर खाली मेसमध्ये जरा डोकावा. आपा पोळ्या लाटत असतील. हाताला धरून बाहेर आणा. लाटणं सोडत नसतील तर लाटण्यासकट आणा.