शेजारच्या खोलीचा आवाज

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो. हातात धरून फिरावे असा लहान नाही. माझी पेटी लाकडाची आहे, पुढे जाड कापड ताणलेले आहे. कळ फिरवली की आधी माझ्यात दिवा लागतो आणि मग जरा वेळाने आवाज येतो. तोवर ऐकणाऱ्याला धीर धरावा लागतो.

कारखान्यात बायका रांगेत बसून माझ्या तारा जोडत होत्या, एवढेच मला तिथले आठवते. खरे आठवते ते विक्रोळीच्या चाळीतले घर. सहदेव तेव्हा गिरणीत होता. लग्न झाले त्या वर्षी त्याने मला आणले. त्याच्या बायकोने, वनमालाने, जुन्या साडीचे झाकण शिवून माझ्यावर घातले. सकाळी भाकऱ्या थापताना ती माझ्याशी बोलायची. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला म्हणायची, "तुझा काय भरवसा नाय रे बाबा." त्यामुळे मला वाटायचे की आपले कोणीतरी खरेच ऐकते आहे.

मग गिरण्यांचा संप झाला. सहदेव साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये जाऊ लागला. त्यानंतर वनमाला आजारी पडली आणि गेली. तिच्या पोटात गाठ होती. दुखवट्याच्या घरात रेडिओ लावत नाहीत, म्हणून वर्षभर मी झाकणाखाली गप्प बसलो. वर्षश्राद्ध झाल्यावर पलीकडच्या खोलीतली नलिनी येऊन म्हणाली, "भावजी, आता लावा तो. घर नुसतं खायला उठतं." तेव्हापासून सहदेव संध्याकाळी मला खिडकीत ठेवी. गॅलरीत बसणाऱ्यांनाही ऐकू येई.

आमच्या चाळीत एक रीत होती. भिंती पातळ. कोणाच्या घरात नवरा-बायकोचे वाजले की शेजारी आपला रेडिओ मोठा करत. त्यात वाईट हेतू नव्हता. त्या घराला लाज वाटू नये, आपण काही ऐकले नाही असे त्यांना वाटावे, एवढेच. आमच्या भिंतीपलीकडे जयवंत आणि प्रेमा राहत. जयवंत सगळ्यांशी गोड. गणपतीत सगळ्यांच्या पुढे, म्हाताऱ्यांचे पाण्याचे हंडे उचलून देणारा. तरी त्याच्या भिंतीमुळे माझी कळ पुष्कळदा उजवीकडे फिरे.

एका बुधवारी माझ्यावर मानसशास्त्राच्या एक बाई बोलल्या. डॉक्टर अनुपमा त्यांचे नाव. एका माणसाने आपल्या बायकोचा जीव घेतला होता. त्या खटल्याबद्दल सगळ्यांनी वाचले होते, म्हणून गॅलरी भरली. बाईंचा आवाज शांत होता. हा राग एका दिवसात आला नाही, असे त्या म्हणाल्या. तो माणूस आधी बायकोला विचारायचा, नळावर इतका वेळ का लागला, कोणाशी हसलीस. मग तिचे माहेरी जाणे बंद झाले. मग मारणे सुरू झाले, आणि मारल्यावर रडून माफी मागणे. बाहेर मात्र तो भला माणूस होता. शेजाऱ्यांना आतले सगळे ठाऊक होते.

"पिसो असतलो तो," गुणाजी म्हणाला. हा म्हातारा मालवणकडचा, विडी ओढत माझ्या खिडकीखाली बसायचा.

"पिसा कसला?" नलिनी म्हणाली. "साहेबापुढे बरा शहाणा असतो. पिसाळायला बायकोच सापडते."

जयवंत हसला. "टाळी एका हाताने वाजते का वहिनी? ती पण काहीतरी बोलली असणार ना."

"बोलली तर बोलली. आमची रोज बोलता," गुणाजी म्हणाला.

"म्हणून तर तुमचं हे असं झालंय काका," जयवंत म्हणाला, आणि सगळे हसले.

आपल्या दारात प्रेमा तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला होता. हे सहदेवने पाहिले. मला ते कळले, कारण त्यानंतर तो कोणाकडेच पाहीना.

पुढच्या बुधवारी त्याच कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रे वाचली. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी लिहिले होते की बाईंनी सुखाचे संसार मोडायला शिकवू नये. आणखी कोणी लिहिले की मुलीला माहेरी वळण नसेल. मग मुलुंडच्या एका बाईचे पत्र आले. तिने नाव दिले नव्हते. "मी त्या जोडप्याच्या खालच्या मजल्यावर राहते. मी तिला विचारणार होते. उद्या विचारू म्हणाले."

तेवढ्यात भिंतीवर काहीतरी आदळले. भांडे पडले. प्रेमा ओरडली आणि तिचा आवाज मध्येच बंद झाला.

गुणाजी सवयीने उठला आणि त्याने मला मोठे केले.

सहदेव स्टोव्हपाशी होता. तो बाहेर आला. "गुणाजी, बंद कर."

"अरे, त्यांच्या घरातला…"

"बंद कर म्हटलं ना."

त्याने स्वतःच माझी कळ फिरवली. दिवा गेला. मग सगळ्यांना सगळे ऐकू आले.

"वनमालाची गाठ कोणाला दिसली नाय," सहदेव म्हणाला. "डॉक्टरला पण नाय. हे तर आपल्याला ऐकू येतंय." आणि त्याने जाऊन दार वाजवले. "जयवंत, उघड."

"घरातली गोष्ट आहे काका. तुम्ही रेडिओ ऐका."

"उघड."

नलिनी पुढे झाली. "प्रेमा, कडी काढ गं. मी आहे."

मग कडी निघाली. प्रेमा बाहेर आली. तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. नलिनीने तिला आपल्या खोलीत नेले. जयवंत मागे निघाला, पण गुणाजी त्याच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसला. "आता तू भायर येऊचा नाय. विडी देवू?" तो रात्र पडेपर्यंत तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी सहदेव आणि नलिनीने प्रेमाला कांदिवलीला तिच्या भावाकडे पोचवले. तिथे काय झाले ते नलिनीने गॅलरीत सांगितले. भाऊ म्हणाला, नवरा-बायकोत एवढे चालायचेच, चार दिवसांनी परत पाठवतो. तेव्हा सहदेव त्याला म्हणाला, "मी माझी बायको स्मशानात पोचवून आलोय. तुझी बहीण घरी आणून दिलीय. आता तू ठरव." भावाने तिची पिशवी आत घेतली. प्रेमा परत गेली नाही. जयवंतने काही महिन्यांनी खोली सोडली. काहीजण अजून म्हणतात की सहदेवने एक संसार मोडला.

नंतर चाळीत टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या एका दिव्याने डोळे मिटले आहेत. परवा नलिनीच्या मुलीच्या लग्नाला प्रेमा आली होती. ती आता कांदिवलीला बालवाडीत शिकवते. लाडवात वेलची कमी आहे यावरून ती गुणाजीशी इतकी मोठ्याने भांडली, की मला माळ्यावर शब्द न् शब्द ऐकू आला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरी जो रेडिओ असेल, त्याच्याबद्दल सांगतो. शेजारून असा आवाज आला, तर त्याला मोठे करू नका. बंद करा. घरातल्या मोठ्यांना सांगा, दार वाजवायला लावा. गाणे अर्धे राहिले तर राहू द्या. ते आम्ही नंतर पुन्हा म्हणू.