अस्तरातल्या नोटा

टेलर मास्तरांचा टाका जितका घट्ट, तितकाच हात सैल. त्यात फोनवरून पैसे द्यायची सोय झाली आणि माकडाच्या हाती कोलीत आलं. फोन टिंग करायचा, दुकानात नवी वस्तू यायची. एकदा तर बोलणारं घड्याळ आलं. शिलाई मशीनच्या खडखडाटात ते काय बोलतं, हे कुणालाच ऐकू येत नसे.

बायको कोपऱ्यात बसून हाताने बटणांसाठी काजं करायची. तिच्या बोटांची चाळण झाली होती. "अहो, काजाचं मशीन कधी घ्यायचं?" ती विचारायची. मास्तरांना खरंच वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ते फोनवर काहीतरी मागवायचे.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. गिऱ्हाइकाने रोख दिलेली प्रत्येक मोठी नोट ते आपल्या जुन्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकू लागले. स्वतःची शिवण उसवायची म्हटलं की मास्तरांच्या जिवावर यायचं. त्यामुळे युक्ती बरोबर लागू पडली. नोट मोडायची सोयच उरली नाही, आणि मास्तर तो कोट घालून गल्लीतून छाती काढून चालू लागले.

कोट भरला, तशी दोघं मशीनच्या दुकानात गेली. विक्रेत्याने मशीन चालवून दाखवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काज तयार! मास्तरांनी कोट काढला, खिशातली छोटी कात्री उघडली आणि अस्तराकडे बघतच राहिले.

"अगं, काय सरळ शिवण आलीय बघ," ते म्हणाले. "हप्त्यानं घेऊ या का? फोनवरून पैसे जातील, कळणारही नाहीत."

"कळत नाहीत म्हणूनच तर हा खटाटोप केलात ना?"

"मग पुढच्या महिन्यात बघू."

विक्रेता खाली मान घालून हसला. बायकोला हसू आलं नाही. यांच्या टाक्यांपुढे आपल्या बोटांची काहीच किंमत नाही, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कोट ओढून घेतला, कात्रीही घेतली.

"उसवू नकोस गं!"

"उसवतंय कोण? तुमच्या शिवणीला मी हात लावणार नाही." तिने अस्तराच्या मधोमध नेमकी सरळ चीर दिली, आत बोट घालून पहिली नोट बाहेर काढली आणि विक्रेत्यासमोर ठेवली. "काज करतेय. हातानं केलेलं शेवटचं."