रुहीचं वय एकोणीस

काकांनी टिपरू उगारलं तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी ताल चुकलाय, दम देतायत.

टिपरू एका माणसाच्या जबड्यावर बसलं. दात उडून डांबरावर पडला. मागचे ढोल एकेक करून थांबले.

अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये एका ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये आमच्या पथकाची प्रॅक्टिस चालू होती. चारुदत्तकाका आमच्यातले सगळ्यात शांत. इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतात. मंडळात भांडण झालं की गाडीत जाऊन बसतात. मार खाल्लेला तो माणूस आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. गोरा, चाळिशीचा. आला, काकांच्या मुलीला, रुहीला, नावाने हाक मारली, मनगट धरलं आणि तिला गाडीकडे ओढायला लागला. रुही अकरा वर्षांची. ताशा गळ्यात तसाच लटकत होता.

"शी इज नाइन्टीन!" तो रक्त थुंकत ओरडला. "प्रोफाइल बघ तिची!"

काका थांबले. टिपरू हवेतच.

कारण ते वय काकांनीच टाकलं होतं. नागपूरच्या आजोबांना नातीचा ताशा दिसावा म्हणून अकाउंट त्यांनीच उघडून दिलं. तेराच्या खालच्यांना ते ॲप घेत नाही. मग जन्मसाल टाकलं २००६. ते अमेरिकेत उतरले ते साल. चटकन तेच सुचलं. ॲपने काही विचारलं नाही. मोठ्या बाईचं अकाउंट म्हणून सगळ्या जगाला उघडं ठेवलं; प्रॅक्टिस कुठे चालते तेही कुणालाही दिसत होतं.

त्या माणसाच्या काखेतला खोका खाली पडून उघडला. आत बूट. गुलाबी, चालताना लाइट लागतात ते. बरोब्बर रुहीच्या मापाचे.

"एकोणीस काय रे? हे एकोणीसचे बूट?" काका मराठीतच ओरडले.

टिपरू तुटलं. मग मुठी. मी मागून मिठी मारली तर माझ्याच तोंडावर कोपर, ओठ फाटला. काकांच्या हातातलं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला, पण ते मारतच राहिले. शेवटी पोलिसाने पाठीत गुडघा घालून त्यांना आडवं केलं. बेड्या दोघांनाही.

बेलवर सुटून घरी आले ते सरळ किचनमध्ये. खलबत्ता काढला. रुहीचा फोन ओट्यावर ठेवून डाव्या हाताने बत्ता घातला. काचा मंजुषाकाकूंच्या पायापर्यंत उडाल्या.

"फोडा, अजून फोडा!" काकू किंचाळल्या. "आणि अकाउंट कुठल्या ओट्यावर ठेवून फोडणार?" त्यांनी आयपॅड समोर आपटला. त्याच अकाउंटवर नवे मेसेज येत होते. नवीन माणसं.

पोलिसांनी सगळ्याची कॉपी घेतली होती. काकांना आता सगळं पुसून हवं होतं. फोटो, पत्ता, सगळं. लहान मुलांच्या डेटाचा कायदा आहे, आई-बाप मागू शकतात. काकांनी एका हाताने टाइप करून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: तो हक्क तेराच्या खालच्यांच्या पालकांना. आमच्या रेकॉर्डप्रमाणे ही व्यक्ती एकोणीस वर्षांची आहे. तिने स्वतः विनंती करावी, नाहीतर वय सिद्ध करायला तिचा पासपोर्ट आणि चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवा.

"चेहरा?" काकू म्हणाल्या. "अजून चेहरा पाहिजे त्यांना?"

काकांनी भिंतीत मूठ मारली. प्लास्टरवाली.

कोर्टाच्या तारखेला सकाळी मी काकांना न्यायला गेलो. जबडा मोडल्याची केस काकांवर, त्या माणसावर वेगळी. रुही टेबलाशी आयपॅड घेऊन बसली होती. तिचं ताशाचं कव्हर त्या दिवसापासून उघडलेलं नव्हतं. काका आरशासमोर डाव्या हाताने बटणाशी झटत होते.

"बाबा, डिलीट केलं तर इट्स आस्किंग अगेन. ॲम आय ओव्हर एटीन?"

काकांचा हात थांबला.

"व्हॉट डू आय से?"

"येस म्हण."

"बट बाबा, दॅट्स अ..."

"माहितीये, बाळा. येस म्हण."

तिने दाबलं. अकाउंट गेलं, स्क्रीन पांढरा झाला.  ती उठली, खुर्ची ओढत काकांसमोर आणली, वर चढली आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावायला लागली. खालून वर. काका सरळ उभे होते, हनुवटी वर करून. ती गळ्याशी पोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.