यंत्रातली आई

आईला सरळ उत्तर देताच येत नाही, असं थोरलीचं ठाम मत होतं. "आई, जिना झेपत नाही, मागे एकदा पडलीसही. माझ्याकडे येतेस की इथेच राहतेस?" या एवढ्याशा प्रश्नाला दरवेळी एकच उत्तर, "तुम्हाला सोयीचं असेल तसं." काय डोंबल करायचं त्याचं? धाकटा भाऊ तर "ताई, तू म्हणशील तसं" म्हणून मोकळा!

शेवटी थोरलीने ऑफिसातलाच उपाय घरी आणला. तिच्या संशोधन संस्थेत हल्ली लोकांची मतं विचारत दारोदार हिंडत नसत. माणसांची माहिती संगणकाला भरवली, की तोच त्यांच्या वतीने उत्तरं देई. कुरकुर नाही, आढेवेढे नाहीत. तिने आईचे सगळे निरोप, फोनवरची सगळी बोलणी त्याला भरवली आणि तोच प्रश्न टाकला. झटकन उत्तर आलं, "मी इथे एकटी मजेत आहे. माझी काळजी करू नका."

सुटले बाई एकदाची, म्हणत तिने भावाला कळवून टाकलं आणि लॅपटॉप घेऊन आईचं घर गाठलं. आत शिरताच दाराशी ठेवलेल्या खुर्चीला अडखळली. "ही काय खुर्ची ठेवायची जागा आहे?" ती करवादली.

आईने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "ही मी?"

"हो. निदान ही सरळ बोलते तरी."

"मग विचार तिला, रात्री झोप लागते का?"

थोरलीने विचारलं. "छान लागते," यंत्रातली आई म्हणाली.

"एकटीला भीती वाटते का, विचार."

"छे गं, कसली भीती!"

"किती खोटं बोलते मेली," आई पुटपुटली.

थोरलीचं डोकंच फिरलं. "खोटं कसं बोलेल? तूच मला फोनवर सांगितलेलं आहेस हे सगळं!"

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली.

थोरलीने वळून पाहिलं. दाराशी ती खुर्ची, खुर्चीत उशी, उशीवर घडी घातलेलं पांघरूण.

"तू इथे झोपतेस?"

"पडलेबिडले तर शेजारी हाक ऐकू जाते," आईने चष्मा पुसला. "पण तुम्हाला सोयीचं असेल तसं."

"खड्ड्यात गेली सोय!" थोरली ओरडली आणि तिला रडूच फुटलं. "बॅग कुठे आहे तुझी?"