काचेपलीकडची पट्टी

“चढतोय. परत चढतोय,” सर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख चष्मा पुसायला लागले, की समजावं प्रकरण हाताबाहेर चाललंय.

मीटरवरचा आकडा मलाही दिसत होता. समोर माझी काळी पट्टी टांगलेली, खाली वजन लावलेलं आणि तिच्यातून वीज सोडलेली. पट्टी कार्बनच्या नळ्यांची. एकेक नळी केसाहून हजारो पटींनी बारीक. वजनही पेलायचं आणि वीजही वाहायची, हे तिचं काम. विजेला होणारा अडथळा वाढला, की समजायचं आतले सांधे सुटताहेत. दुपारी परीक्षक यायचे होते. पट्टी टिकली तर काम पुढे चालणार, नाहीतर इतक्या वर्षांचा खटाटोप गुंडाळून मी घरी.

“काल ढिम्म हलत नव्हता हो!” मी म्हणाले. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

“बरोबर आजचाच मुहूर्त सापडला हिला. चला, चहा घेऊ. नुसतं तिच्या तोंडाकडे बघून काय होणार?”

चहा अर्धाच टाकून परत येऊन बघते तर आकडा मुकाट्यानं जागेवर! सुटलेले सांधे असे आपोआप जुळत नसतात. मी नीट बघायला वाकले, तर लागला चढायला. मला बाजूला करून, जरा वेळानं सर वाकले. आकडा गप्प.

“तुमच्यावर रुसलीय,” सर म्हणाले.

मी कपाळावर हात मारला आणि हात खाली आला तो वास घेऊनच. सकाळी निघता निघता धाकट्या बहिणीनं मला खुर्चीत दाबून बसवलं होतं. “ताई, एवढी मोठी माणसं येणार आणि तू पांढरं डोकं घेऊन उभी राहणार? बस इथं!” केस काळे झाले, पण धड धुवायला वेळ कुठला?

त्या रंगात अमोनिया असतो. त्याचा नुसता वास लागला तरी या नळ्या वीज नीट जाऊ देत नाहीत. हवा खेळली की हळूहळू ताळ्यावर येतात. हे मी स्वतः शिकवते, फळ्यावर आकृत्या काढून शिकवते. धन्य आहे माझी!

“सर, बघा हं.” मी मुद्दाम डोकं पट्टीजवळ नेलं. आकडा चढला. लांब जाऊन उभी राहिले. तो उतरत गेला. सर आधी हसले, मग मी, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माझी पट्टी धडधाकट होती!

“आता धुवून येऊ?”

“नको, ओल्या केसांचा दमटपणाही कळेल तिला. पण मग तुम्ही...” सर अडखळले.

“मी बाहेर थांबते. दाखवा तुम्ही.”

दुपारी मी दाराच्या काचेला नाक लावून उभी होते. आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, मीटरही दिसत नव्हता. दिसत होता फक्त सरांचा चष्मा. एका वयस्कर परीक्षकबाईंनी आणखी एक वजन उचलून लावलं. माझा जीव टांगणीला. सरांचा हात वर गेला... आणि त्यांनी नुसतं नाक खाजवलं. चष्मा नाकावरच राहिला.

मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं आणि सगळे माझ्याकडे वळले. बाई जागेवरूनच टाळ्या वाजवत होत्या. मला टाळ्यांचा आवाज आला नाही, पण हायसं वाटलं, फार हायसं वाटलं.

ते गेल्यावर बहिणीचा फोन आला. “काय झालं गं?”

“टिकली. काम चालू राहणार.”

“बघ! आणि केस? कोणाच्या लक्षात आले का?”

“एकीच्या आले,” मी म्हणाले. “लगेच.”

काचेपलीकडे पट्टी वजन धरून शांत लटकत होती. मला तिच्याजवळ जायचं होतं. आधी मी डोकं धुवायला गेले.