रेडिओ वाजेपर्यंत

साखरखेर्ड्यात आशाबाईच्या रेडिओची चेष्टा झाली नाही असं एकही घर सापडायचं नाही. बायका शिवणकाम करतात, पापड लाटतात, फार तर बचत गटाच्या सभेला जाऊन येतात. ही मात्र दुपारची जेवणं आटोपली की पदर खोचायची, चष्मा चढवायची आणि सोल्डरिंग गन हातात घेऊन लाकडी पेटीच्या पोटात डोकं घालून बसायची. म्हशीचं बाळंतपण करायला बसावं, तशी.

रेडिओ नवऱ्याचा, गजेंद्रचा. मोटार वाइंडिंगचं दुकान हा त्याचा धंदा आणि जुने रेडिओ हा त्याचा नाद. हा रेडिओ त्यानं मेहकरच्या एका भंगारवाल्याकडून उचलून आणला, तेव्हा आत उंदरांनी संसार थाटलेला होता. आतल्या एका व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळीत, हवा शिरून त्याचा शेंडा दुधासारखा पांढरा पडला होता. शेंडा चंदेरी असेल तर व्हॉल्व्ह जिवंत, पांढरा झाला की मेला. आशाबाईला ही पहिली अक्कल त्यानंच शिकवली. एके सकाळी तो म्हणाला, "डोणगावले एका म्हाताऱ्या मेकॅनिकजवळ असा व्हॉल्व्ह हाये म्हंते. घेऊन येतो." दोन भाकरी खाऊन निघाला तो डोणगावला पोचलाच नाही. मोटारसायकल मेहकरच्या स्टँडमागे लॉक केलेली सापडली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवऋषी झाले. माणूस काही सापडला नाही.

मेला म्हणावं तर मढं नाही, जिवंत म्हणावं तर खबर नाही. आशाबाई कपाळभर कुंकू लावत राहिली. सुरुवातीला लोकांना तिची कीव आली, मग कंटाळा आला, आणि पुढे पुढे चक्क राग येऊ लागला. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला कुंकवाचं बोट तिच्या कपाळाशी आलं की जरासं थबकायचं. लावणारीला वाटायचं, लावावं की नाही? ते थबकणं आशाबाईला चटका बसल्यासारखं लागायचं, पण ती मान पुढं करायची. बोट टेकेपर्यंत मागे घ्यायची नाही.

गेल्या साली बारा वर्षं भरली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, ही आपल्याकडची रीत. थोरला दीर कारभारी काही वाईट माणूस नव्हता. पितृपक्षात सगळ्या पितरांना पान वाढताना धाकट्या भावाला ना जेवण ना पाणी, या विचारानं त्याचा घास उतरत नसे. आशाबाई या भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, बोलत नसे, त्यामुळे निरोप जाऊबाई पुष्पांजलीनं आणला.

"ते म्हंतात, आता गजेंद्रभाऊजीले मोकळं करा. आत्मा भटकून राह्यला त्याईचा."

आशाबाईच्या तोंडून तेव्हा जे निघालं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"त्यायचा जीव या रेडिओत अडकेल हाये, जाऊबाई. हा वाजू द्या एक डाव. मंग करा काय करायचं ते."

कारभारीला ते पटलं. मेल्या माणसाची शेवटची इच्छा म्हटली की आपल्याकडे कोण आडवं येतं? त्यानं शब्द दिला, रेडिओ वाजेपर्यंत पुतळा करायचा नाही. आशाबाई त्या दिवशी पोटभर जेवली. तो मुका डबा जन्मात बोलणार नाही अशी तिची खात्री होती, आणि तो बोलत नाही तोवर तिचं कुंकू कोणी पुसणार नव्हतं.

पण नादाला इमान नसतं. रोज हात लावायचाच, तर नीटच लावावा असं तिला होऊ लागलं. तिनं जुने कपॅसिटर बदलले. फाटलेल्या स्पीकरला पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. स्टेशनचा काटा ओढणारी दोरी तुटली होती, तिथं मासे धरायचा नायलॉनचा दोरा ओवला. लाकडाला लाखेचं पॉलिश दिलं. मोबाईलवर व्हिडिओ बघायची, अडलं की पुन्हा बघायची. डोणगावचा तो म्हातारा मेकॅनिक केव्हाच वारला होता, पण त्याच्या मुलानं माळ्यावरून तोच व्हॉल्व्ह शोधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला. हिनं मागितला होता म्हणूनच ना! का मागितला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

हिवाळ्यातल्या एका दुपारी तिनं तो बसवला. जुना सेट एकदम लाइनवर लावायचा नाही, मध्ये दिव्याचा बल्ब जोडायचा, ही गजेंद्रची शिकवण. बल्ब ढणाढणा पेटला तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला. व्हॉल्व्हच्या आत तांबूस उजेड धरला. आधी घुरघुर आली, मग खरखर, आणि काटा फिरवता फिरवता मधेच एक बाई स्वच्छ आवाजात उद्याच्या पावसापाण्याचं सांगू लागली.

आशाबाईला इतका आनंद झाला की ती उठून उभी राहिली. पुढच्याच क्षणी तिला कारभारीचा शब्द आठवला. तिनं झटक्यात बटण बंद केलं, दाराला कडी घातली, आणि व्हॉल्व्ह गार व्हायची वाट न बघता पदरानं धरून उपसून काढला. बोटं भाजली. तो तिनं फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत खोल पुरला आणि पांढऱ्या शेंड्याचा मेलेला व्हॉल्व्ह पुन्हा जागेवर बसवला. ज्याच्यासाठी बारा वर्षं रडलो त्याची वस्तू आपण बोलती केली आणि आपल्याच हातानं तिचा गळा दाबला, असं वाटून ती कोठीला टेकून बसून राहिली. त्यानंतर जाऊबाईनं सणासुदीला विचारलं की ती सांगायची, "नाई जी, नुसती खरखर हाये." खोटं बोलायची सवय नव्हती, पण तीही लागली.

यंदा महालक्ष्म्यांना सुचिता आली. चिखलीला दिलेली, आशाबाईची एकुलती एक लेक, बापाच्या मांडीवर बसून स्क्रूड्रायव्हर देणारी. पुष्पांजलीकाकूनं तिला आईच्या अटीचं सांगितलं. पोरीला वाटलं, आई वर्षभर एकटी त्या डब्याशी झुंजते आहे, आणि तिला बाबांची इच्छा पुरी करता येत नाही. आईला तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी आशाबाईनं काय सांगितलं असतं? सुचितानं गुपचूप रेडिओची मागची फळी काढली, व्हॉल्व्हचे फोटो घेतले आणि बुलढाण्याच्या एका जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, हा पांढरा गेलेला आहे. तिनं तसा नवा मागवला.

पितृपक्षात एक दिवस आशाबाई सोयाबीन सोंगणाऱ्या बायकांबरोबर शेतात गेली होती. दिवस कलताना परतली, तर गल्लीच्या तोंडाशीच गाण्याचा आवाज कानावर आला. कोणाचा तरी टीव्ही असेल असं म्हणून ती चार पावलं चालली. पण टीव्हीचा आवाज पत्र्यासारखा असतो, आणि हा जाड होता, गोधडीत गुंडाळल्यासारखा ऊबदार. असा आवाज गावात एकाच पेटीचा होता. तिच्या डोक्यावरचं विळा-दोरीचं गाठोडं खाली आलं.

ओसरीवर रेडिओ मांडला होता. बाजेवर कारभारी टोपी हातात घेऊन बसला होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुष्पांजली पदर तोंडाला लावून उभी. शेजारपाजारच्या बाया दारात दाटल्या होत्या. सुचिता धावत आली आणि तिनं आईचे मातीचे हात धरले.

"आई, ऐकून राह्यली ना तू? वाजला! बाबाचा रेडिओ वाजला! तुवं सगळं बरोबर केलं होतं वं, एकच व्हॉल्व्ह गेल्ता. मी मागवला. एवढ्यासाठी तू सालभर कष्ट काढले, मले एक फोन काऊन नाई केला?"

आशाबाईला एवढा संताप आला की बाजेखालचा वरवंटा उचलून त्या पेटीचं भुसकट करावं. तोंडात आलंच होतं, अगं बये, तो मीच वाजवला होता, आणि मीच मुका ठेवला होता. तिनं तोंड उघडलंही. समोर लेकीचं तोंड होतं. शाळेत पहिला नंबर आला की घरी धावत येऊन दाखवायची, तेच. खरं सांगितलं तर पोर जन्मभर हेच घोकत बसेल की आईचं कुंकू मी पुसलं. आपलेच दात अन् आपलेच ओठ. चावायचं कोणाला?

"छान वाजते," आशाबाई म्हणाली.

कारभारी उठला. ती लग्न होऊन घरात आल्यापासून पहिल्यांदाच तो भावजयीशी सरळ बोलला.

"बाई, तू तुव्हा शब्द पाळला. आता मले माह्या भावाचं करू दे."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून मान हलवली. आता नाही म्हणायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

सर्वपित्री अमावास्येला पुरुष मंडळी पळसाच्या पानांचा गजेंद्र घेऊन नाल्यावर गेली. घरात बाया जमल्या. पुष्पांजलीला रडू आवरेना, म्हणून वाड्यातल्या एका म्हाताऱ्या विधवेनं ओल्या फडक्यानं आशाबाईचं कपाळ पुसलं. इतकी वर्षं थबकणारं बोट आशाबाईनं पाहिलं होतं; हा हात मात्र जराही थबकला नाही. बांगड्या फोडायला दगड आणला होता. आशाबाई म्हणाली, "फोडू नका, मीच काढतो," आणि साबण लावून एकेक काढून दिली.

बाया गेल्यावर सुचिता तिच्या कुशीत शिरली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर काम तडीस गेल्याचं समाधान होतं. ती आईच्या कोऱ्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

"आई, आता बाबाले शांती भेटली असंन ना? मी रेडिओ वाजवला ते बरं केलं ना?"

आशाबाईनं तिचे केस कानामागे सारले.

"हाव माय," ती म्हणाली. "तुवं लय बरं केलं."