घाटात फुसफुसणारा पाईप

मित्रांनो, मी एक जुना रबरी पाईप आहे. नाक मुरडू नका, मी हवा वाहतो, सांडपाणी नव्हे! जीपच्या बॉनेटखाली टर्बोने दाबून दिलेली हवा इंजिनापर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत होतो. पुढे बारा वर्षं नारायणगाव ते तळेघर अशा फेऱ्या मारल्या. जीप छान चढली की लोक ड्रायव्हरला शाबासकी देत. पाईपला कोण विचारतो? मला त्याचं फारसं वाटलंही नाही.

यंदा माझ्या वाकणापाशी चीर पडली. घाटात हवा तिथूनच फुस्स करून निघून जाई. जीप धापा टाकी, काळा धूर ओकी. मालक प्रबुद्धने ठरवून टाकलं, इंजिन संपलं. मला कुणी हात लावूनही पाहिलं नाही. तळेघरला त्याने नेहमीच्या प्रवाशांना सांगितलं, "मंगळवारी भंगारवाला येतोय. ही शेवटचीच फेरी."

झुंबरबाई दर मंगळवारी पायाच्या जखमेवर पट्टी बदलायला नारायणगावला येतात. त्या म्हणाल्या, "मंग एसटी गाठायला ह्या पायानं किती चालू रं?"

सोमवारी दुपारी प्रबुद्धची बायको यशोधरा बागेतून घरी आली. ती द्राक्षाची कलमं बांधते. "अहो, विकायच्या आधी एकदा रेस तर द्या," ती म्हणाली आणि बॉनेट उघडून माझ्याभोवती तळहात फिरवू लागली. वाकणाखाली तिच्या हाताला हवा लागली.

"हितं बघा! पाईप फाटलाय, इंजिन न्हाई!"

पिशवीत कलमाची प्लास्टिक पट्टी होतीच. इंजिन निवल्यावर तिने मला ती गच्च गुंडाळली. प्रबुद्धने जीप चढावर घातली, तर पुन्हा फुस्स! "राहू दे आता," तो वैतागून म्हणाला. "उद्या न्हेऊ दे भंगारवाल्याला."

यशोधरेने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कलम बांधताना कोंबाची जागा उघडी ठेवावी लागते, नाहीतर फुटवा बाहेर येत नाही. सवयीने तिच्या हातांनी माझ्यावरही बोटभर जागा सोडली होती, नेमकी चिरेवर! "अगं बाई! पायपाला काय पालवी फुटायची व्हती का?" तिला हसू आवरेना.

मग तिने मला खोलून पुसलं आणि काचपेपरने घासलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून ताणून तीन थर दिले, कुठेही जागा न सोडता. दोन्ही टोकांना प्रबुद्धने क्लिपा आवळल्या. या वेळी जीप चढ चढली. मी गप्प होतो.

खाली आल्यावर प्रबुद्ध म्हणाला, "लई घाबरलो व्हतो गं. आधीच तुला विचाराया पायजे व्हतं."

मित्रांनो, ही मलमपट्टी कायमची नाही. नवा पाईप आला की मला उतरवतील, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्या गाडीला दम लागला, तर तिला भंगारात काढण्याआधी बॉनेट उघडून आम्हा पाईपांवरून एकदा हात फिरवा.

मंगळवारी भंगारवाला आला, तर अंगण रिकामं. यशोधरेने त्याला चहा दिला.

"भाऊ, जीप तळेघरला गेलीया," ती म्हणाली. "झुंबरबाईंना आणाया."